समोरच्यांचा चाकू

घडीच्या चाकूचा आमच्या समोरच्यांनी जेवढा विचार केला, तेवढा चाकू बनवणाऱ्यांनीही केला नसेल. आणि हा सगळा विचार त्यांनी खिशात चाकू नसताना केला. समोरचे म्हणजे पडेगावातल्या आमच्या कॉलनीत माझ्या फाटकासमोर ज्यांचं फाटक आहे ते. त्यांचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ते त्यांच्या घरावरही नाही. घर बांधलं तेव्हा फाटकाच्या खांबात त्यांनी हौसेनं संगमरवराची पाटी बसवली, पण घराला नाव कोणतं द्यावं ते ठरेना. आईचं द्यावं तर बायकोला काय वाटेल, बायकोचं द्यावं तर देवाघरी गेलेल्या आईला काय वाटेल, आणि 'कृपा', 'छाया', 'साई' ही सगळी गल्लीत आधीच वाटून गेलेली. पाटी अजून कोरी आहे. कुरिअरची पोरं "कोरी पाटीवाले काका कुठं राहतात?" असं विचारत येतात आणि बरोबर पोचतात.

सरकारी खात्यात ते इंजिनिअर होते. समोर आलेल्या फायलीवर 'पुन्हा तपासून सादर करावे' असा शेरा मारण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. "सर, घाईत बांधलेला बंधारा आन् घाईत जमवलेलं लगीन, दोन्ही पयल्या पुरातच कळतं," असं ते मला सांगत. मी शाळामास्तर, म्हणून ते मला सर म्हणत आणि मी त्यांना साहेब. मूळचे खुलताबादच्या पलीकडच्या एका वाडीतले. घरी मेंढरं-शेळ्या होत्या, वडील हयातभर कळपामागं हिंडले. साहेब शिकून शहरात आले, पण हिशोब मात्र शेळ्यांतच राहिला. फ्रिज असो की पोराची फी, मनातल्या मनात ते त्याच्या शेळ्या करत, मग त्या शेळ्यांना करडं होत, आणि करडांचा आकडा बघून साहेबांचाच पाय मागं येई.

असा माणूस निवृत्त झाला आणि गप झाला. तपासून सादर करायला कोणी काही आणेना. सकाळी खुर्ची टाकून फाटकाकडं तोंड करून बसत, ते संध्याकाळी वहिनी खुर्ची उचलायला येईपर्यंत. आमची ही जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते, माझ्याही घरात कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापलीकडं काम उरलेलं नव्हतं. म्हटलं, या माणसाला फिरायला न्यावं, तेवढाच आपला शेजारधर्म. म्हणून आम्ही दोघं रोज संध्याकाळी दौलताबाद रोडनं जायला लागलो. वाटेत एक पेरूवाले चाचा गाडी लावतात, शेजारी सिमेंटचा एक बाक आहे. तिथं बसायचं, एका पेरूच्या फोडी करून घ्यायच्या, तिखटमीठ लावून खायच्या आणि एक शब्दही न बोलता परत यायचं, असा आमचा कार्यक्रम होता.

एक दिवस चाचांनी गंजका चाकू लुंगीला पुसून पेरूला लावला, आणि साहेबांच्या तोंडून कितीतरी दिवसांनी एक पूर्ण वाक्य बाहेर पडलं. ते म्हणाले, "सर, आपल्यापाशी आपला सोताचा चाकू पाहिजे."

झालं! दुसऱ्या दिवसापासून खुर्ची फाटकाकडं पाठ करून बसली आणि समोर मोबाइल आला. त्यात जंगलात राहणारा कोणी दाढीवाला गोरा माणूस घडीच्या चाकूनं लाकडं तासे, दोर कापे आणि तेवढ्यावरून पोलादाविषयी तासभर प्रवचन करी. साहेबांनी त्याला गुरू केलं. जपानी पोलाद कडक असतं पण टवका उडतो, स्वीडिश नरम पण गंज धरत नाही, जर्मन घराणं जुनं पण आता पूर्वीचं राहिलं नाही. आयुष्यभर जातपात न मानणारा हा माणूस पोलादाचं मात्र कूळ, गोत्र आणि तीन पिढ्यांची चौकशी करू लागला. वहिनी दारातून ऐकत आणि म्हणत, "ह्या माणसानं जल्मात कधी कांदा चिरला नाय. आन् चाकू पाहिजे तो घराणं बघून! सोयरीक करायचीय का त्याच्यासंगं?"

त्यांच्या मनात भरलेला चाकू शहरातल्या एका दुकानात होता. डोंगर चढणाऱ्या मंडळींचं सामान तिथं मिळतं. एका बोटानं उघडणारा, उघडल्यावर खटकन अडकून बसणारा, राखी मुठीचा. किंमत दोन दुभत्या शेळ्या आणि वर एक करडू. आम्ही आठवड्यातून एकदा त्याच्या दर्शनाला जात असू. साहेब तो हातात घेत, उघडत, मिटत, वास घेत, डाव्या हाताच्या कोपराखालचे केस त्यानं भादरून धार बघत आणि परत देत. दुकानदार भला माणूस. तो फक्त एवढंच म्हणाला, "अंकल, अब तो ये चाकू भी आपकू पैचानता." भादरण्यामुळं साहेबांचा डावा हात कायम गुळगुळीत असे. एका लग्नात ते अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून गेले, तर पाहुण्यांत त्यांना काहीतरी कातडीचा विकार झाल्याची बातमी पसरली आणि एका दूरच्या व्याह्यानं चांगल्या वैद्याचा पत्ता पाठवून दिला. साहेबांनी तोही फेकला नाही. वैद्य बरा की डॉक्टर बरा, यावर आमच्या दोन संध्याकाळी निघाल्या.

याच सुमारास वहिनी एका दुपारी येसराची आमटी घेऊन माझ्याकडं आल्या. भांडं ओट्यावर ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, एक सांगू का? ह्यांना तेवढा चाकू घेऊ देऊ नका."

"महाग आहे म्हणून?"

"पैशाचं नाय हो. तुम्ही बघितलं नव्हतं का, कसे बसायचे ते? जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. मला लई भ्या वाटायचं. आता चाकू-चाकू करत का व्हईना, बोलायलेत. एकदा घेतला की संपलं बघा, पुन्हा फाटकाकडं तोंड. तुम्ही शिकलेले हाव, रोज एक नवी शंका काढत जा."

बाई डोळे पुसून गेल्या. मी जन्मभर पोरांच्या शंका फेडल्या, आता म्हातारपणी शंका पेरायचं काम आलं. पण एका माणसाचं बोलणं माझ्यावर अवलंबून आहे म्हटल्यावर मी कंबर कसली. सकाळचा पेपर बाजूला पडला. चाकूंविषयी मिळेल ते वाचायचं, त्यातून एक शंका घडवायची, संध्याकाळपर्यंत ती जपायची आणि बाकावर बसलं की अलगद पुढं सरकवायची. "साहेब, हा चाकू उजव्या हाताच्या माणसाचा आहे. उद्या उजवा हात मोडला तर?" झालं, साहेब पंधरा दिवस डाव्या हातानं जेवले. "विमानात चाकू नेऊ देत नाहीत म्हणे." यावर ते आठवडाभर खिन्न होते. जन्मात ते विमानात बसलेले नव्हते, पण वेळ काय सांगून येते? पेरूचा हंगाम संपून गाडीवर काकड्या आल्या तेव्हा मी म्हटलं, "मूठ धातूची आहे. आपल्याकडचं ऊन कसं! खिशात तापली तर?" हा प्रश्न त्यांच्यातल्या इंजिनिअरला लागला. भर मे महिन्यात, भर दुपारी, विजारीच्या खिशात स्टीलचा चमचा घालून ते गच्चीवर उभे राहिले. चमचा थंडच राहिला, साहेबांनाच ऊन लागलं. वहिनींनी पन्हं पाजलं, तळपायाला कांदा चोळला, आणि दाराआडून मला हातानंच खूण केली, की चालू द्या.

साहेबांचंही चालूच होतं. तुलना करायला म्हणून त्यांनी पुतण्याकडून एक साधा घडीचा चाकू मागून आणला. दाढीवाला गुरू दोर कापून दाखवी, तर आपणही दोर कापून बघावा असं त्यांच्या मनानं घेतलं. घरात दोर एकच होता आणि त्यावर वहिनींनी धुतलेल्या गोधड्या वाळत घातल्या होत्या. चाकू साधा असूनही एका झटक्यात पास झाला, गोधड्या चिखलात गेल्या, आणि वहिनी अर्धा तास जे बोलल्या ते रस्त्यापलीकडं माझ्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू आलं. संध्याकाळी साहेब शांतपणे म्हणाले, "सर, साध्या चाकूनं दोर कापला. म्हंजे भारी चाकूची गरज नाय असं धरावं, का भारी चाकू लोखंडी तार कापील असं धरावं?" मी म्हटलं, यावर विचार करायला पाहिजे. पेरू परत गाडीवर आले तरी तो विचार चालू होता. चाचा रोज विचारत, "क्या साब, चाक्कू लिए के नै?" आणि आम्ही दोघं एकदमच मान हलवत असू.

खरं सांगायचं तर मी स्वतःवर खूश होतो. एवढा मोठा माणूस मी एकट्यानं, शंकांच्या जोरावर, उभा धरून ठेवला होता. आणि मग एका संध्याकाळी साहेब म्हणाले, "सर, उद्या दुकानात चला. ठरलं."

'ठरलं' हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नव्हता. त्या रात्री सुचल्या तेवढ्या शंका गोळा केल्या आणि दुसऱ्या दिवशी दुकानात एकेक बाहेर काढली. स्क्रू ढिले होतात म्हणे. "बघितलं." दिवाळीला भाव उतरतील. "उतरू द्या." नवीन नमुना येणार आहे. "येऊ द्या." माझी पोतडी रिकामी झाली, साहेबांनी पैसे दिले, आणि दुकानदारानं काउंटरमागून येऊन दोघांशी हस्तांदोलन केलं. रिक्षात मी तोंड फिरवून बसलो. आता वहिनींना काय तोंड दाखवायचं आणि उद्यापासून ती खुर्ची कशी बघायची, एवढंच डोक्यात होतं. मला त्यांचा मनापासून राग आला होता.

बाकापाशी साहेबांनी रिक्षा थांबवली. बसलो. त्यांनी डबी काढली, चाकू बाहेर घेतला आणि आमच्या दोघांच्या मधे बाकावर ठेवला.

"घ्या."

"बघितलाय मी. पाहिजे तर हातात द्या."

"चाकू हातात देत नसतेत सर. भांडण व्हतं. खाली ठेवलाय, तुम्ही उचला. तुमचाच हाय."

"माझा? मी काय करू चाकू घेऊन?"

"आन् मी काय करू?" साहेब म्हणाले. "घरी विळी हाय. मी तर पयल्याच हिवाळ्यात ठरवलं व्हतं, नाय घ्यायचा. पण ही म्हणली, सरांच्या घरच्या वहिनी गेल्यापासून ते लई गप झालेत, दिवा लावायचं बी ध्यान राहत नाय त्यांना. चाकूचं निघालं की तेवढे बोलतेत. तर तो विषय सोडू नका. म्हणून धरून ठेवला. तुम्ही बी रोज एवढ्या शंका घेऊन यायचे, मला वाटलं, सरांनाच मनातून पाहिजेल."

मला हसू फुटलं. येसराची आमटी घेऊन डोळे पुसणारी ती बाई! एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हेच. मग आमची ही आठवली आणि मला पुढं हसता येईना. शेजारधर्म मी पाळत होतो असं मला वाटत होतं.

"मग आजच कशाला घेतलात?" मी विचारलं.

ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "पोरगं पुण्याला बोलावतंय. हिचे गुडघे, तिथं लिफ्ट हाय. ह्या महिन्यातच निघावं लागतंय. आता मीच इथं नाय म्हटल्यावर तुम्ही शंका कुणाला विचारणार? म्हटलं, चाकू तर राहू दे सरांपाशी."

मी चाकू उचलला. चाचांनी पेरू दिला, मी चार फोडी केल्या आणि एक चाचांना दिली. ते चाकूकडं बघत म्हणाले, "आखिर लिए साब!" साहेबांनी फोड खाल्ली, चाकू निरखला आणि म्हणाले, "धार बरी हाय. पण..."

"पण काय?"

"म्यान. कातड्याचं घ्यावं का कापडाचं? कातड्याला पावसाळ्यात बुरशी धरती."

"कापडाला घाम लागतो," मी म्हटलं, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही तिथंच बसलो.

समोरच्या फाटकाला आता कुलूप आहे. पाटी कोरीच आहे, आणि कुरिअरची पोरं चुकून माझ्याकडं येतात. संध्याकाळी मी एकटाच बाकापर्यंत जातो आणि आपल्या चाकूनं आपला पेरू कापतो. घरी परतलो की पुण्याहून फोन येतो. "सर, म्यान घेतलं का?" मी म्हणतो, "नाही साहेब, अजून ठरत नाही," आणि दिवसभर जपून ठेवलेली एखादी शंका पुढं करतो. ती ऐकून ते विचारात पडतात, तेवढ्यात मागून वहिनींचा आवाज येतो, "बोलायलेत का?" आणि साहेब फोन जरा बाजूला धरून हळूच सांगतात, "व्हय, बोलायलेत."