बारा वेळा लिहिलेला हप्ता

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंना सगळे खडूमावशी म्हणत. कानामागे सदैव चपटा पांढरा खडू, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. नवं कापड घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला त्या आधी विचारत, घरात काय काय आहे? अशाने धंदा कसा चालणार, असं त्यांचा भाऊ चिडवायचा. चालत नसेल, पण रांगतो तरी, असं त्यांचं उत्तर असे.

माझे यजमान गेले त्या वर्षी मला वकिलांच्या कचेरीत टायपिस्टची नोकरी मिळाली. तिथे घालण्याजोगं आपल्याकडे काहीच नाही, असं मी मनाशी घेतलं. एक मोठं दुकान पाच ड्रेसचं कापड हप्त्याने द्यायला तयार होतं. आज चारशे, मग वर्षभर महिन्याला फक्त दीडशे. शिलाई किती पडेल ते विचारायला मी मावशींकडे गेले.

त्यांनी टेप उचललीच नाही. हे चारशे कुठून काढणार, ते विचारलं. मुलीच्या नर्सिंगच्या फीचं पाकीट होतं. सोमवार शेवटचा दिवस होता, पण कॉलेजवाले थोडं थांबतील, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. मावशींनी कानामागचा खडू माझ्या हातात दिला.

"दीडशे लिही. त्याखाली परत दीडशे. असं बारा वेळा."

"मला गुणाकार येतो, मावशी."

"येतो म्हणूनच भागतंय असं वाटतं तुला. लिही."

कापडं बेतायच्या टेबलावर मी लिहीत गेले. सातव्या ओळीला हात जड झाला. पहिले चारशे धरून बेरीज बावीसशे आली. रोखीने तेच कापड सोळाशेला होतं.

"आता कपाट रिकामं करून आण," त्या म्हणाल्या. "त्यांचंही."

ह्यांच्या कपड्यांना मी सात महिने हात लावला नव्हता. रविवारी गाठोडं खाली नेलं. मावशींनी एक पँट उसवून उलटी केली. आतून कापड अगदी नव्यासारखं होतं. सगळ्या पँटींमधून मिळून दोन स्कर्ट आणि एक जाकीट निघालं, शर्टांचे तीन ब्लाउज झाले. पाच ड्रेसची शिलाई त्यांनी आपल्या हाताने घालवली होती. मागितले फक्त साठ, तेही पगार झाल्यावर.

गिऱ्हाईक हातचं घालवण्यात तुम्हाला तोड नाही, असं मी म्हटलं.

"घालवलं कुठे? पोरीचा युनिफॉर्म मीच शिवणार आहे."

माझ्या रोजनिशीत त्या सोमवारी 'फी भरली' एवढंच आहे. मावशींचे आभार मानल्याची नोंद शोधून सापडली नाही, म्हणून आज हे लिहिते आहे. युनिफॉर्म त्यांनीच शिवला. आत दोन बोटं कापड जास्तीचं ठेवलं होतं. तीन वर्षांत तो दोनदा सैल केला आणि मुलगी त्याच युनिफॉर्मवर पास झाली.