बटणाची बंदूक

दोन हजार एकोणीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, अमेरिकेतल्या डब्लिनला मुलाच्या घरी येऊन मला आठ वर्षं झाली होती, आणि माझ्या उजव्या डोळ्यावर साय धरली होती. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना माहीत होत्या. तिसरी फक्त मला.

का सांगितली नाही तेही लिहून टाकतो. माझ्या बापाच्या डोळ्यात असंच धुकं आलं होतं. लोकांनी गळ घालून त्याला ऑपरेशनला नेला. पट्टी सुटली तेव्हा होतं नव्हतं तेवढंही दिसायचं गेलं. आठ दिवसांत चुलत्यानं भिंतीवरची ठासणीची बंदूक उतरवून आपल्या घरी नेली. पिकात डुकरं घुसायची, त्यासाठी परवाना होता बापाचा. नंतर बाप दिवसभर बाजेवर बसून त्या रिकाम्या खुंट्यांकडं तोंड करून असायचा. दिसत नव्हतं, तरी तिकडंच. दीड वर्षात गेला. मी ठरवलं होतं, आपल्या डोळ्याला कुणाचा हात लागू द्यायचा नाही. तिसरी शिकलेला माणूस ठरवतो तेव्हा पक्कं ठरवतो, कारण मन बदलायला लागणारी पुस्तकं त्यानं वाचलेली नसतात.

आता बंदुकीचं. घरामागं मी घेवडा, मेथी, मिरची लावायचो. हरणं यायची आणि शेंडे खुडून जायची. कुत्र्यासारखी निर्धास्त. मी काठी घेऊन धावलो की मान वर करून बघायची आणि पुन्हा खायची. शेजारी एक गोरा राहायचा, बस दुरुस्तीच्या कामातून रिटायर झालेला, माझ्याहून चार वर्षांनी लहान. तो मला 'बॉस' म्हणायचा. मी त्याला 'पाव्हणं' म्हणायचो, आणि ते आपलं नाव आहे असं समजून तो खूश असायचा. माझं इंग्रजी आणि त्याचं मराठी सारखंच, पण शिकारीबद्दल आम्ही तासभर बोलू शकायचो. हातांनी.

गावात बार काढायची बंदी आहे, असं त्यानं मला सांगितलं. पण त्याच्या भावाचं तासाभरावर रान होतं. वसंतात टर्की, म्हणजे मोराएवढं रानपाखरू, थंडीत हरीण. "यू कम, बॉस. बट गेट अ गन."

मुलगा ऐकून ताटावरून उठला. "आबा, बंदूक? सीरियसली? तुम्हाला काय कमी आहे इथं?"

"बंदूक कमी आहे," मी म्हणालो.

तो आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाही. मी त्याच्याशी नऊ दिवस. शेवटी सून मधे पडली. ती नागपूरची, कॉम्प्युटरवाली, आवाज कधी चढवत नाही आणि हरतही नाही. म्हणाली, "मी नेते तुम्हाला दुकानात. पण दोन अटी. बंदूक मी सांगीन ती. आणि कुलपाची किल्ली माझ्याकडे."

"एक किल्ली तुझ्याकडं, एक माझ्याकडं. आणि बंदूक आपण बघू."

"बघू," ती म्हणाली.

दुकानात गल्ल्यावर एक बाई होती, पांढऱ्या वेणीची, माझ्या वयाची. मागं भिंतभर बंदुका. मला त्यातली एकच दिसली, म्हणजे ओळखू आली. एकनळी, मधे मोडणारी, वर घोडा असलेली. अंगठ्यानं घोडा मागं ओढायचा, की ती तयार. हातात घेतली आणि बापाच्या बंदुकीचाच तोल. मी सुनेला म्हणालो, "झालं. ही बांध."

बाईनं मान हलवली आणि बरंच काही बोलली. सून एकेक सांगत गेली. "आबा, त्या म्हणताहेत, ही टर्कीपुरती ठीक. हिची नळी तोंडाशी आवळलेली आहे, छर्रे एकत्र जावेत म्हणून. हरणाला छर्रे चालत नाहीत, एकच जाड गोळी मारावी लागते. ती ह्या आवळलेल्या तोंडातून मारायची नाही. धोका आहे."

"मग हरणाला दुसरी घेऊ."

"दोन बंदुका घरात आल्या तर तुमचा मुलगा आयसेलिनला माझ्या बहिणीकडे राहायला जाईल."

बाईनं मग दुसरी काढली. पंपाची. एक काडतूस उडालं की खालची मूठ मागंपुढं ओढायची, दुसरं वर येतं. तिला दोन नळ्या मिळायच्या. एक टर्कीसाठी, एक आतून पीळ दिलेली, गोळीसाठी. दोन मिनिटांत बदलायची. आणि बारा बोअरची नाही, विसाची, कारण खांद्याला धक्का कमी. हे शेवटचं मला झोंबलं.

"तिला सांग, बाराची पण पेलते मला."

"पेलते हो. पण सकाळी तेल चोळायला मलाच हाक मारता नं."

सगळ्यात मला खटकलं ते चापामागचं बटण. ते एका बाजूनं दाबलं की चाप हलतच नाही. दुसऱ्या बाजूनं दाबलं की लाल कडं दिसतं आणि बंदूक तयार होते. म्हणजे बंदुकीला कुलूप. आमच्याकडं कुलूप पेटीला असतं. मी म्हणालो, डुक्कर अंगावर आल्यावर बटण शोधत बसू का?

"इथे डुकरं नाहीत, आबा. हीच घ्यायची," सून म्हणाली.

मग बाईनं आपल्या दोन्ही पंज्यांचा त्रिकोण केला, त्यातून बघितलं आणि मलाही तसं करायला सांगितलं. सून म्हणाली, "कुठला डोळा तेज आहे ते बघताहेत. बंदूक त्या खांद्याला लावायची असते."

मी हात वर केलेच नाहीत. "उजवा," म्हणालो.

"करून तर बघा."

"माझा डोळा मला माहीत. उजवा."

सुनेनं माझ्याकडं बघितलं. बाईनंही. मी सही करायला पेन उचललं आणि ते कागदाच्या बाहेर, काचेवर टेकवलं. सुनेनं कागद हळूच माझ्या पेनाखाली सरकवला.  घरी येताना एका लाल दिव्याशी ती म्हणाली, "डॉक्टरकडे जायचं का एकदा?" मी झोपल्याचं सोंग घेतलं.

परवाना मिळाला तो शिकाऊ. मला, ज्यानं सोळाव्या वर्षी पहिलं डुक्कर पाडलं, त्याला शिकाऊ. अट अशी की जाणता शिकारी सतत शेजारी पाहिजे. पाव्हणं तयार होते. त्यांनी एकदा रानात नेऊन झाडाला कागद लावला आणि मला बार काढायला लावले. कागदाच्या कडेला चार भोकं पडली, मधे एकही नाही. मी वाऱ्याकडं बोट दाखवलं. वारा नव्हता. ते कागदाजवळ जरा जास्त वेळ उभे राहिले, मग घडी करून खिशात घातला. मला तेव्हा बरं वाटलं, की माणूस ठेवतोय आठवण म्हणून. आता वाटतं, तो विचार करत होता.

कपड्यांचं त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. टर्कीच्या नराचं डोकं लाल, पांढरं, निळं असतं. रानात ह्यातला कुठलाही रंग अंगावर नको, दुसरा शिकारी त्यावरच नेम धरतो. "नो रेड, बॉस. नो व्हाईट. नो ब्लू." तीन बोटं मोडून दाखवली.

एप्रिलचा शेवट होता. निघायच्या दिवशी पहाटे मुलगा जीन्स बदलून, कुणाचे तरी पानाफांद्यांच्या छापाचे शिकारी कपडे घालून खाली आला. सुनेनं त्याला पाठवलं होतं. "मी फक्त बसणार आहे," तो म्हणाला. "मारायचं वगैरे मला सांगू नका."

आमच्याकडं शिकारीला जाणाऱ्याच्या मनगटाला गावदेवीच्या ओटीच्या लाल कापडाची पट्टी बांधतात. बांधल्याशिवाय वेस ओलांडत नाहीत. माझ्या ट्रंकेत ते कापड होतं, येताना आणलेलं. मी दोन पट्ट्या फाडल्या. एक मुलाच्या मनगटाला बांधली. दुसरी माझ्या, तर गाठ मला एका हातानं जमेना, तेवढ्यात पाव्हण्यांचा ट्रक दारात आला. माझी पट्टी टेबलावरच राहिली.

मुलगा कापडाकडं बघत म्हणाला, "आबा, रेड. त्यांनी नाही म्हटलंय ना?"

"बाहीत सरकव. त्याला काय दिसतंय."

हे शब्द माझे. दुसऱ्या कुणाचे नाहीत.

रानात पोचलो तेव्हा उजाडायला लागलं होतं. पाव्हण्यांनी मला एका जाड ओकला पाठ लावून बसवलं, आपण माझ्या उजवीकडं बसले. मुलाला मागं डावीकडं चाळीसेक पावलांवर एका पडलेल्या खोडाआड बसवलं, आणि हातानं खूण केली: उठायचं नाही, हललास तर वाकून. मग त्यांनी खिशातून लाकडाची छोटी पेटी काढली. तिच्यावर झाकण घासलं की मादीसारखा आवाज निघतो. घासलं. बराच वेळ काही नाही. मग डावीकडच्या झुडपांपलीकडून नरानं उत्तर दिलं. घशात खडे घोळवल्यासारखा आवाज. पाव्हण्यांनी माझ्या गुडघ्याला बोट लावलं.

मी बंदूक खांद्याला लावून डावीकडं वळलो. पुन्हा आवाज आला, जरा जवळून. मग थांबला. रान असं गप्प झालं की मला माझा श्वास ऐकू यायला लागला. किती वेळ गेला सांगता येत नाही. पायाला मुंग्या आल्या. पाव्हणे मान उजवीकडं वळवून ऐकत होते. पाखरू फिरून तिकडं गेलं असेल असं त्यांना वाटलं असावं. मी डावीकडंच बघत राहिलो.

झुडपात, जमिनीपासून हातभर वर, लाल हललं.

मी डावा डोळा मिटला. बापानं शिकवलं तसं, नेम उजव्या डोळ्यानंच. समोर दूध झालं. त्या दुधात एक लाल ठिपका, त्याच्याशेजारी काहीतरी पांढरट चमकलं, खाली गेलं, वर आलं, पुढं सरकलं. टर्की चालताना मान अशीच करते, पाव्हण्यांनी हातानं दाखवलं होतं. माझ्या मनात शंका आली नाही. हे मला लिहायलाच पाहिजे. थोडी तरी आली असती तर आज मी स्वतःला काही सांगू शकलो असतो. मी लाल ठिपक्याच्या मुळाशी नेम धरला आणि चाप ओढला.

चाप हलला नाही.

मला राग आला. दुकानातल्या बाईचा, सुनेचा, विसाच्या बंदुकीचा. मग आठवलं, बटण. माझं बोट चापावरून मागं गेलं, बटण शोधलं, दाबायला टेकलं.

"आबा," झुडूप म्हणालं. "चहा."

मी डावा डोळा उघडला. मुलगा गुडघ्यांवर रांगत येत होता, सांगितलं होतं तसा वाकून. एका हातात थर्मासचं स्टीलचं झाकण, त्यातून वाफ निघत होती. फांदी बाजूला करताना बाही कोपरापर्यंत वर गेली होती. पट्टी मनगटाला होती.

पाव्हणे वळले. त्यांनी आधी मुलाला बघितलं, मग माझ्या नळीचं तोंड कुठं आहे ते, मग माझं बोट. त्यांनी आपला तळवा नळीखाली घातला आणि ती हळूच आभाळाकडं केली. बंदूक माझ्या हातातून घेतली, मूठ ओढून तीन काडतुसं एकेक करून बाहेर काढली आणि स्वतःच्या खिशात घातली. मुलाला वाटलं, शिकार संपली.

"झालं पण? मी आवाज केला का, सॉरी," तो म्हणाला. "चहा गार होतोय, घ्या."

मी घेतला. तोंडाशी नेईपर्यंत अर्धा पँटवर सांडला. "थंडी आहे," मी म्हणालो.

परत येताना ट्रकमधे पाव्हण्यांनी मागच्या खेपेसारखी गाणी लावली नाहीत. एरवी निरोप घेताना म्हणायचे, "सी यू, बॉस." त्या दिवशी म्हणाले नाहीत. बंदूक पिशवीत घालून मुलाच्या हातात दिली, माझ्या नाही.

संध्याकाळी जेवताना मुलगा रंगात आला होता. आठ वर्षांत मी त्याला असा कमी वेळा बघितलाय. "अगं, आबांना टर्कीनं हरवलं. समोरून आवाज देत होती आणि हे आपले बसून." सून हसली. त्यानं वरणाच्या वाटीकडं हात नेला आणि पट्टी पुन्हा दिसली. सून म्हणाली, "ते सोडून ठेव, वरणात बुडेल."

"राहू दे गं. आबांनी बांधलंय. छान वाटतंय."

 मी भूक नाही म्हणून उठलो. सुनेचे डोळे माझ्या पाठीवर होते, ते न बघता कळत होतं. खोलीत जाऊन कपाटाशी उभा राहिलो. बंदूक आत होती, कुलूप लावलेली, किल्ली माझ्या खिशात. सुनेनं दुकानात माझं ऐकलं असतं तर ती घोड्याची एकनळी आत असती. तिचा घोडा मी बसल्या बसल्या, पहिल्या आवाजालाच ओढून ठेवला असता. मला तो ओढायची सवय आहे.

मुलाला मी हे अजून सांगितलेलं नाही. हे लिहून झालं की कागद त्याच्या टेबलावर ठेवणार आहे. त्याला मराठी वाचता येतं, आम्हीच शिकवलंय.

शिकारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी स्वयंपाकघरात गेलो. टेबलावर माझी ती न बांधलेली पट्टी पडली होती. सून आली, चहाचं आधण ठेवलं. तिच्या बशीत मी कुलपाची माझ्याकडची किल्ली ठेवली. ती काही बोलायच्या आत मी डाव्या डोळ्यावर तळवा धरला आणि तिच्याकडं तोंड केलं.

"तू टिकली लावलीयस का?" मी विचारलं. "मला दिसत नाही."

तिनं गॅस बंद केला, माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि फोन हातात घेतला. "डॉक्टरची आजची वेळ मिळते का बघते," ती म्हणाली. मी तळवा तसाच धरून बसलो.