ताईला लागलेलं ऊन

नागपूरच्या उन्हाबद्दल मी पुष्कळ थापा मारल्या आहेत. आमच्या सदर भागात मे महिन्यात कोंबड्या उकडलेलीच अंडी घालतात, हे मी पुण्याच्या पाहुण्यांना शपथेवर सांगितलं आणि त्यांतल्या एकानं मीठ मागितलं. पण या एका उन्हाची खरी गोष्ट काढली, की लोक म्हणतात, "पुरे आता, काहीतरीच सांगतेस."

माझी मावसबहीण छावणीतल्या फौजी दवाखान्यात नर्स होती. मी तिला ताई म्हणायची. तिच्या खांद्यावर तारे होते. वर्दीत ती गल्लीत शिरली की मावशीची मान इतकी उंच व्हायची, की विजेच्या तारा वर ओढून घ्याव्या लागत. मिशीवाले जवान आपल्या पोरीला सलाम ठोकतात, हे ती भाजीवाल्यालाही ऐकवायची.

सन ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी समाजशास्त्रात एम.ए. करत होते. आमच्या बाईंनी बरीच खटपट करून परवानगी मिळवली होती. फौजेतल्या बायांना आणि पुरुषांना एकेकट्यानं बसवून विचारायचं: इथे एकमेकांशी कसं वागता? कोणी नको तशी लगट करतो का? ताईला हे सांगितलं तेव्हा ती अंगणात केस वाळवत बसली होती.

"दोन्ही हातांत इंजेक्शनचा ट्रे असला ना," ती म्हणाली, "की आमच्या वॉर्डातल्या एका डॉक्टरचे हात मोकळे होतात. ट्रे टाकला तर काचांचे पैसे मी भरू. अन् नाही टाकला तर..."

"मग सांगितलं काहून नाही कोणाले?"

"कोणाले सांगू वं? तक्रार त्याच्याच टेबलावरून वर जाते. मले नोकरी नाही सोडायची. त्याच्या हातून वॉर्ड तेवढा सुटला पाहिजे. तू विचार, मी सांगीन. पण खोलीत. दार लावून."

ठरल्या दिवशी बाईंची ऑटो वाटेतच रुसली. पोचलो तेव्हा डांबराची खीर झाली होती. माझी एक चप्पल अजून त्या रस्त्यातच आहे. दवाखान्याचे मोठे साहेब भले गृहस्थ. त्यांनी खुर्च्या दिल्या, सरबत दिलं, आणि आमचे प्रश्न हातात घेऊन म्हणाले, "मॅडम, एक-एक को बुलाओगी तो हफ्ता लगेगा. मैं दस मिनट में करवा देता हूँ."

बाई "अहो, पण" म्हणेस्तोवर शिट्टी वाजली. सगळा दवाखाना भर उन्हात रांगेत उभा. नर्सा, जवान, स्वयंपाकी, डॉक्टर. ताईनं नजरेनंच मला दाखवलं: तो, पुढच्या रांगेत. साहेबांनी आमचा प्रश्न दवंडी पिटावी तसा खणखणीत वाचला आणि शेवटी गरजले, "जिस किसी को तकलीफ है, एक कदम आगे!"

कोणी हललं नाही. नको, अशी मी ताईला मान हलवून खूण केली. तिनं पाहिली. आणि एक पाऊल पुढे टाकलं.

आता उन्हातल्या रांगेतून कोणी पुढे आलं, म्हणजे ते भोवळ येऊन पडणार, एवढंच फौजेला माहीत. कोणी हुकूमही दिला नाही. दोन जवान स्ट्रेचर घेऊन धावले आणि त्यांनी ताईला अलगद आडवं केलं.

"मैं ठीक हूँ!" ताई म्हणाली.

"हाँ सिस्टर, सब यही कहते हैं," त्यांतला एक मायेनं म्हणाला.

"मुझे कुछ बोलना है."

"बोलिए मत, सिस्टर. गला सूखेगा."

मागे कोणीतरी हसलं. मग तो डॉक्टर रांगेतून पुढे आला. त्यानं ताईचं मनगट धरलं, नाडी पाहिली आणि म्हणाला, "लू लगी है." ताई बोलायची थांबली.

मी ओरडले, "तिला ऊन नाही लागलं!" साहेबांनी माझ्यासाठीही पाणी मागवलं. बाई भांडल्या, तेव्हा ते खरोखरच बुचकळ्यात पडले. "मैंने तो सबके सामने पूछा ना?"

ताईला आजारपणाची रजा मिळाली. ती संपायच्या आतच बदलीचा हुकूम आला: लांब, डोंगरातल्या थंड हवेच्या दवाखान्यात. ऊन सोसत नाही ना, म्हणून. वॉर्ड त्या डॉक्टरचाच राहिला.

हुकूम आला त्या संध्याकाळी मावशी ताईच्या तळपायांना कांदा चोळत होती. शेजारणी पन्ह्यानं भरलेले गंज घेऊन दारापर्यंत आल्या होत्या.

"आई," ताई हळूच म्हणाली, "मले ऊन नाही लागलं वं."

"माहीत हाये मले." मावशीचा हात थांबला नाही. "कांदा चालू राहू दे. घरात कांदा असला म्हणजे डोळे काहून लाल, हे कोणी विचारत नाही."

मग तिनं दुसरा कांदा सोलला आणि किसणी माझ्याकडे सरकवली.