पिलाला शिकवायला आलेल्या मावशी

खालच्या मजल्यावरच्या मावशी नसत्या, तर आमचे मामंजी बॅग भरून कायमचे माझ्या नणंदेकडे निघून गेले असते, आणि ते का गेले हे मला कधी कळलंही नसतं. म्हणून आधी मावशींबद्दल सांगते.

बत्तीस वर्षं त्यांनी इस्पितळात वॉर्डाची कामं केली. बेडपॅन देणं, चादरी बदलणं, फरशी पुसणं. डॉक्टरांची नावं त्या विसरल्या, पण कुठल्या खाटेवरचा पेशंट लाजाळू होता ते अजून सांगतात. निवृत्तीनंतरही हात स्वस्थ बसत नाहीत. जिन्यात कुणी काही सांडलं की फडकं घेऊन हजर.

मी घरीच शिवणकाम करते. राग माझ्या नाकावर असतो, हे मी लपवत नाही. आमच्या ह्यांनी मला न विचारता कुत्र्याचं पिल्लू आणलं आणि "दोन दिवसांत शिकेल" असं सांगून कामाला निघून गेले. जमिनीवर कागद पसरून मी त्याला कागदावरच 'शी-शू' करायला शिकवलं. चार दिवसांत शिकलं, शहाणं. पाचव्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाचे भाग कागदावर आखून, कापून जमिनीवर मांडले, आणि बाळ थेट त्यांवर जाऊन मोकळं झालं. शिवणकामाच्या घरात कुत्र्याला कागदाची सवय लावणारी मीच.

पण चूक आपली असली की तोंडाचा पट्टा जास्तच सुटतो. "लाज नाही वाटत? घर घाण करून ठेवलंय. जमत नसेल तर बाहेरचा रस्ता धर." हे मी दिवसातून दहा वेळा म्हणायचे, तेही खणखणीत आवाजात.

त्याच आठवड्यात मामंजींनी जाहीर केलं, "रविवारी लेकीकडे जातो. आता तिकडेच राहीन म्हणतो." कारण विचारलं तर म्हणे हवापालट. ऑपरेशनला जेमतेम महिना झालेला, अंगात त्राण नाही, आणि नणंदेचं घर लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर. ह्यांनी समजावलं, मी चिडले. माझ्या स्वयंपाकाला कंटाळले असतील, असं मी धरून चालले.

शनिवारी माझा आरडाओरडा ऐकून मावशी वर आल्या. आधी त्यांनी सगळे कागद उचलायला लावले. पिल्लू झोपून उठलं की लगेच बाहेर न्यायचं, खाल्लं की बाहेर. बाहेर केलं की पाठीवरून हात फिरवायचा. आत केलं तर फडकं घ्यायचं आणि चकार शब्द काढायचा नाही.

"एवढंच?" मी विचारलं.

"शेवटचं तुला जड जाईल," मावशी म्हणाल्या.

मग त्या मामंजींची चौकशी करायला आतल्या खोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा मला स्वयंपाकघरात ओढून हळूच म्हणाल्या, "त्यांनी सकाळपासून पाण्याला हात लावलेला नाही. उशीखाली ओला पायजमा घडी करून ठेवलाय. प्रोस्टेटच्या या ऑपरेशननंतर काही दिवस होतं असं. तू ओरडतेस कुत्र्याला, पण ऐकतंय कोण?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या खाटेच्या आणि माझ्या मशिनच्या मध्ये नुसती प्लायवुडची भिंत. मी आत धावणार, तोच मावशींनी मनगट धरलं. "जाऊन रडत बसू नकोस. त्यांना लपवायचंय तोवर लपवू दे. तू फक्त तुझं बोलणं बदल."

संध्याकाळी पिलाने मशिनपाशीच कार्यक्रम उरकला. मी फडकं घेतलं आणि भिंतीपलीकडे जाईल अशा आवाजात म्हटलं, "असू दे रे. पुसलं की झालं. घरातलाच आहेस तू." दारात मावशी उभ्या होत्या. त्यांचे पाय धरावेत असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. एवढी माणसं सांभाळून आलेली ती बाई आमच्या खाली राहते, हे आमचं नशीब.

रविवारी सकाळी बॅग दाराशी होती. मी चहा ठेवला होता. आतून मामंजींची हाक आली.

"सूनबाई, जरा चादर बदलावी लागेल."

मी चादर बदलली, गादी पुसली. ते खुर्चीत बसून खाली बघत होते. मी निघाले तेव्हा म्हणाले, "लेकीला फोन करून सांगशील? मी येत नाही म्हणून."