खाजणातलं अर्थिंग

आमच्या सोसायटीत काहीही बिघडलं की गच्चीवरच्या माझ्या काठीवर बिल फाटायचं. लिफ्ट अडकली, काठी. टीव्ही गेला, काठी. ती काठी म्हणजे माझ्या हॅम रेडिओची, लांबच्या माणसांशी बोलायच्या हौशी बिनतारी संचाची अँटेना, आणि मी सरकारी परीक्षा देऊन लायसन्स मिळवलेली बाई. मग दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या, आणि सेक्रेटरी माझ्या दारात आले.

"वहिनी, रविवारच्या मीटिंगआधी काठी उतरवा. तुम्हा गाववाल्यांना सोसायटीत राहायचं कळतच नाही."

मी करावे गावची. ही सोसायटी उभी आहे ते आमचं खाजण. भरतीचं पाणी यायचं इथे. डोकं असं सणकलं की दार त्यांच्या तोंडावर आपटलं. पण आत येऊन घाबरलेही. काठी गेली तर माझा आवाज या चार भिंतींतच राहणार होता.

मी रेडिओ बंद केला, अँटेनाची वायर काढून ठेवली. आजींच्या झिणझिण्या तशाच. शिवाय माझ्या रेडिओवरही कधीची घरघर होती, लांबची माणसं त्यात बुडून जायची. आजींच्या फ्रिजची आणि माझ्या रेडिओची वायर शेवटी इमारतीच्याच अर्थिंगला जाते. शनिवारी पहार घेतली आणि मीटररूममागचा खड्डा उघडला.

दर दसऱ्याला मीटररूमची पूजा झाली की सेक्रेटरी या खड्ड्यात मिठाची पिशवी ओततात. अर्थिंगला मीठ लागतं म्हणे. लागत असेल गोड्या जमिनीत. खाजणात मीठच लोखंडाला खातं. अर्थिंगची लोखंडी पट्टी ओढली तर गंजून पापडासारखा झालेला तुकडा हातात आला, खाली काहीच नव्हतं.

मीटिंगमध्ये तो तुकडा टेबलावर ठेवला. "हे तुमचं अर्थिंग. नाचता येईना, अंगण वाकडं!"

"ते बघू. पण काठीचं ठरलंय," सेक्रेटरी म्हणाले.

मग माझी घरची बोलीच सुटली. "काठी नाय उतरनार! आमचे खाजनान ऱ्हाता, न आमालाच शिकवता?"

शेवटी आजीच म्हणाल्या, "काठी राहू दे. आधी अर्थिंग करा."

तांब्याची सळई ठोकली, इमारतीचं आणि माझं अर्थिंग एकाच जागी बांधलं. मीठ घालू दिलं नाही. झिणझिण्या गेल्या, घरघरही गेली. त्या संध्याकाळी रेडिओवर एक लांबचा आवाज स्वच्छ आला, "मॅडम, कुठून बोलताय?"

लायसन्सवर सेक्टरचा नंबर आहे, सोसायटीचं नाव आहे. मी माइक दाबला.

"करावे," म्हटलं. "आमच्या खाजणातून."