मताईनं वझं वाहायचं नसतं

लाफाएलेला मताई, म्हणजे घराण्याचा मुखत्यार, केला आणि पुतण्यांनी त्याच्या खांद्यावरची अळकुड्यांची कावड काढून घेतली. मताईनं वझं वाहिलं तर सामोआत घराची अब्रू जाते. तो बसून खाऊ लागला. अंगात साखर भरली, पायाची दोन बोटं कापली. नर्सबाई म्हणाली, "रोज हिंडा, कामं करा, न्हाईतर पाय जाईल."

तो कावड घेऊन मळ्याकडं निघाला, तर पुतण्या सेफो आडवा आला.

"काका, ठेवा ती! गाव आमच्या तोंडात शेण घालंल."

"आरं, पाय जायला लागलाय माझा!"

"मग बसा की गप!"

दारोदारी माणसं बघत होती. लाफाएलेनं कावड खाली ठेवली आणि चटईवर जाऊन बसला.

पाय कापल्यावर पुतण्यांनीच त्याला उचलून घरी आणलं. गाव म्हणालं, "पोरं असावीत तर अशी!"