मागच्या सीटवरचा मिस्त्री

मुरबाडचा तो मिस्त्री जुन्या जीपची किंमत ती पळत असताना मागच्या सीटवर डोळे मिटून बसून ठरवायचा. “मीटर मालकाच्या बाजूनं बोलतो,” म्हणायचा.

किन्हवलीचा एक तरुण म्हशी विकून माझी जीप घेणार होता. धूर लपावा म्हणून मी इंजिनात जाड ऑईल भरलं होतं. वैशाखऱ्यापर्यंत जीपची चक्कर मारून परतल्यावर मिस्त्रीनं ते ऑईल बोटांवर चोळलं, माझ्याकडे पाहिलं आणि तरुणाला म्हणाला, “इंजिन खोलाय लागंल रे. भाऊंनी मला आधीच सांगितलंय. तेवढा खर्च किमतीतून काप.”

मी काहीच सांगितलं नव्हतं.

“भाऊ, तुमच्यासारखा खरा माणूस नाय बघितला,” तरुण म्हणाला.

पुढं हे कौतुक मी गावोगाव ऐकून घेतलं. मिस्त्री समोर असायचा, तेव्हासुद्धा.